रुंद मॉनिटरवर जुने गेम : आधी आकार, मग धार, मग रुंदी

प्रश्न थोडक्यात असा. इंदूरला राजेंद्र नगरात घरी ऑफिसातून निघालेला जुना कॉम्प्युटर आहे. ग्राफिक्स इंटेलचंच, वेगळं कार्ड नाही. त्याला नवा साडेएकवीस इंची १९२० × १०८० चा मॉनिटर जोडलाय, पण केबल जुनीच, व्हीजीएची. सुट्टीत भाचेमंडळी येणार म्हणून व्हाइस सिटी, मोस्ट वाँटेड, एज ऑफ एम्पायर्स २, काउंटर-स्ट्राइक १.६ आणि डॉसमधला डेव्ह असे गेम घातलेत. सगळंच आडवं फाकलेलं दिसतं, अक्षरं धुरकट आहेत, आणि एक-दोन गेम उघडले की मॉनिटर ‘इनपुट नॉट सपोर्टेड’ म्हणून काळा पडतो. नवं ग्राफिक्स कार्ड घ्यावं लागेल का?

कार्ड घेऊ नका. आधी केबल बदला, मग ड्रायव्हरमधलं (ग्राफिक्स चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधलं) एक सेटिंग, आणि त्यानंतर एकेका गेमकडे वळा. हा क्रम मोडू नका. बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. कुठून तरी ‘वाइडस्क्रीन पॅच’ नावाची फाइल आणून गेमच्या फोल्डरमध्ये टाकतात, गेम उघडेनासा होतो, आणि कॉम्प्युटर-मॉनिटरमधला मूळ घोळ जिथल्या तिथे राहतो.

हे गेम निघाले तेव्हा घरोघरी ४:३ आकाराचा डबा मॉनिटर होता. ६४० × ४८०, ८०० × ६००, १०२४ × ७६८ ही सगळी ४:३ चीच मापं (आडवे × उभे ठिपके म्हणजे पिक्सेल; यालाच रेझोल्यूशन म्हणतात). तुमचा मॉनिटर १६:९ आहे, म्हणजे तेवढ्याच उंचीला एक-तृतीयांश जास्त रुंद. ही जादा जागा भरायच्या तीन तऱ्हा आहेत. समजा इंदूरच्या राजवाड्याच्या सात मजली दर्शनी भागाचा ४:३ फोटो आहे. पहिली तऱ्हा : फोटो धरून आडवा ताणायचा. मजले सातच राहतात, पण वाडा बुटका आणि बेढब दिसतो. दुसरी : रुंदी भरेपर्यंत फोटो मोठा करायचा आणि वर-खाली जे बाहेर जाईल ते कापायचं. यात चौथा हिस्सा उंची जाते, म्हणजे सातातले पावणेदोन मजले गायब. तिसरी : वाडा आहे तसाच ठेवून दोन्ही बाजूंची दुकानं आणि चौकही फोटोत घ्यायचा. गेमवाल्यांच्या भाषेत दुसऱ्या तऱ्हेला व्हर्ट मायनस म्हणतात आणि तिसरीला हॉर प्लस. तिसरी उत्तमच, पण ती गेमला स्वतःला जमावी लागते किंवा कोणीतरी पॅच करून शिकवावी लागते. ते नसेल तर चौथा मार्ग : फोटो मुळीच न छेडता मधोमध लावायचा आणि दोन्ही कडा काळ्या ठेवायच्या.

या काळ्या पट्ट्यांचं लोकांना उगाच वाईट वाटतं. पैसे देऊन घेतलेला पडदा वाया जातोय असं वाटतं. हिशोब करून बघा. साडेएकवीस इंची रुंद मॉनिटरची उंची साधारण साडेदहा इंच. त्या उंचीत बसणारं ४:३ चित्र कर्णावर साडेसतरा इंच भरतं. जुन्या १७ इंची डब्यात प्रत्यक्ष दिसणारी काच १६ इंचांच्या आसपासच असायची, बाकीची चौकटीमागे. म्हणजे पट्ट्या धरूनसुद्धा चित्र तेव्हापेक्षा मोठंच आहे. २४ इंचीवर तेच साडेएकोणीस इंच होतं, २७ इंचीवर २२. फक्त साडेअठरा इंची मॉनिटर असेल तर ते १५ इंचांवर येतं आणि मग जरा हात आखडल्यासारखं वाटतं खरं.

आता केबल. व्हीजीएवरून अ‍ॅनालॉग सिग्नल जातो. गेमने ६४० × ४८० मागितलं की कॉम्प्युटर तेच मॉनिटरकडे पाठवतो आणि पडदाभर मोठं करायचं काम मॉनिटरच्या अंगावर पडतं. स्वस्त मॉनिटर ते काम एकाच पद्धतीने करतात : ताणून. एखाद्या गेमने मॉनिटरला न पेलणारी फ्रीक्वेन्सी मागितली, समजा ८५ हर्ट्झ (सेकंदाला ८५ वेळा चित्र), की ‘इनपुट नॉट सपोर्टेड’ येतं. डिजिटल केबल लावली की चित्र मोठं करायचं काम ग्राफिक्सकडे घेता येतं. मग गेम काहीही मागो, मॉनिटरला कायम १९२० × १०८०, ६० हर्ट्झ असाच सिग्नल मिळतो. तुमच्या दोन तक्रारी इथेच मिटतात.

ऑफिसातून निघालेल्या कॉम्प्युटरला पुष्कळदा मागे व्हीजीए आणि डिस्प्लेपोर्ट असे दोनच खाचे असतात, एचडीएमआय नसतो. मॉनिटरला मात्र एचडीएमआय असतो. सिल्व्हर मॉलमध्ये ‘डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय’ केबल मागा, आणि दिशा नीट सांगा : डिस्प्लेपोर्टचं टोक कॉम्प्युटरला, एचडीएमआयचं मॉनिटरला. ही साधी केबल उलट दिशेने चालत नाही. व्हीजीए ते एचडीएमआयचा छोटा डबा कोणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. त्याने सिग्नल डिजिटल होतो, पण ताणायचं दुखणं तसंच राहतं.

केबल बदलल्यावर इंटेलच्या ग्राफिक्स कंट्रोल पॅनेलमध्ये एक गंमत आहे, तिथे बरेच जण अडकतात. डेस्कटॉप १९२० × १०८० वर असताना डिस्प्लेच्या पानावर स्केलिंगचा (चित्र पडद्याच्या मापाला नेण्याचा) एकच पर्याय दिसतो, ‘मेंटेन डिस्प्ले स्केलिंग’. लोकांना वाटतं आपल्या कॉम्प्युटरला सोयच नाही. सोय आहे, पण ती खालच्या रेझोल्यूशनला गेल्याशिवाय दिसत नाही. आधी डेस्कटॉप १०२४ × ७६८ वर न्या. आता यादीत ‘सेंटर इमेज’, ‘स्केल फुल स्क्रीन’ आणि ‘मेंटेन आस्पेक्ट रेशो’ येतील. शेवटचा निवडा, अप्लाय करा, दोन्ही बाजूंना पट्ट्या आल्या की परत १९२० × १०८० वर या. ८०० × ६०० आणि ६४० × ४८० साठीही हेच एकेकदा करून ठेवा. काही ड्रायव्हर ही निवड रेझोल्यूशनगणिक वेगळी लक्षात ठेवतात.

एनव्हिडियाचं कार्ड असेल तर त्याच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘अ‍ॅडजस्ट डेस्कटॉप साइझ अँड पोझिशन’ : स्केलिंग ‘आस्पेक्ट रेशो’, ‘परफॉर्म स्केलिंग ऑन’ समोर ‘जीपीयू’, आणि त्याखालच्या ओव्हरराइडच्या चौकोनात खूण. ही खूण विसरली की काही गेम आपलंच खरं करतात. एएमडीत डिस्प्लेच्या पानावर ‘जीपीयू स्केलिंग’ चालू आणि मोड ‘प्रिझर्व्ह आस्पेक्ट रेशो’. लॅपटॉपमध्ये एनव्हिडिया असूनही हे पान सापडत नसेल तर घाबरू नका. पडदा बहुधा इंटेलच्या ग्राफिक्सला जोडलेला असतो, म्हणून सेटिंगही इंटेलच्याच पॅनेलमध्ये करायचं.

एवढं झाल्यावर डोळ्याच्या अंदाजावर विसंबू नका. ताणलेल्या चित्राची सवय अर्ध्या तासात होते आणि मग तेच बरोबर वाटायला लागतं. गेममधली गोल असायलाच हवी अशी वस्तू शोधा : व्हाइस सिटीचं डावीकडे खालचं राडार, मोस्ट वाँटेडमधला वेगाचा काटा. शाळेची पट्टी घ्या आणि काचेवर अलगद धरून उंची-रुंदी मोजा. उंची तीन सेंटिमीटर आणि रुंदी चार भरली तर चित्र ताणलेलं आहे, कारण १६:९ भागिले ४:३ म्हणजे बरोबर १.३३. दोन्ही सारखी भरली की आकार सुटला. उंचीपेक्षा रुंदी किंचित कमी आली, सहा-सात टक्क्यांनी, तर गेममध्ये १२८० × १०२४ निवडलेलं असणार. ते माप ४:३ नाही, ५:४ आहे. जुन्या यादीत ते सगळ्यात मोठं दिसतं म्हणून हात तिकडेच जातो. १२८० × ९६० मिळत असेल तर ते घ्या, नाहीतर १०२४ × ७६८ बरं.

आता धार. डब्याच्या मॉनिटरला ठरलेले पिक्सेल नव्हते, कुठलंही रेझोल्यूशन तो जवळपास सारख्याच सफाईने दाखवायचा. सपाट पडद्याला मोजून १९२० × १०८० ठिपके आहेत. ८०० × ६०० चं चित्र १०८० उंचीला न्यायचं तर १.८ पट करावं लागतं. एका ठिपक्याचे पावणेदोन ठिपके होत नाहीत, म्हणून शेजारच्या रंगांची सरमिसळ करून भरलं जातं. धुरकटपणा तो हाच, मॉनिटरचा दोष नव्हे. पूर्ण पटीत मोठं केलं तर सरमिसळ लागत नाही. ६४० × ४८० दुप्पट केलं की १२८० × ९६०, चारही बाजूंना काळी चौकट राहते पण प्रत्येक ठिपका चोख चौकोनी. २५६० × १४४० च्या मॉनिटरवर हेच तिप्पट होऊन उंची तंतोतंत भरते, म्हणून जुन्या द्विमितीय गेमसाठी तो आकार फार सोयीचा.

या पूर्ण पटीच्या सोयीला इंटीजर स्केलिंग म्हणतात. एनव्हिडियाने ती २०१९ मध्ये दिली, पण जीटीएक्स १६ आणि आरटीएक्स २० मालिकेपासून पुढच्या कार्डांनाच. इंटेलमध्येही त्याच सुमाराच्या चिपपासून पुढे. तुमच्या जुन्या इंटेलवर नाही. तिथे हे काम खाली सांगितलेल्या सीएनसी-डीड्रॉ किंवा डीजीव्हूडू या साधनांकडून करून घ्यायचं. १३६६ × ७६८ चा लॅपटॉप असेल तर मात्र फुकटात मजा आहे. गेम १०२४ × ७६८ वर ठेवा आणि स्केलिंग ‘सेंटर’. उंची बरोबर जुळते, डावी-उजवीकडे १७१-१७१ पिक्सेल काळे राहतात, आणि चित्र कुठेही न मिसळता जसंच्या तसं येतं. महागड्या मॉनिटरवरही इतकं स्वच्छ १०२४ × ७६८ सहज मिळत नाही.

त्रिमितीय गेमची गोष्ट वेगळी, कारण त्यात चित्र त्या क्षणी काढलं जातं, आधी रंगवून ठेवलेलं नसतं. अशा गेमला थेट १४४० × १०८० सांगता आलं तर आकार ४:३ आणि धार पूर्ण, दोन्ही हाती लागतं. हे माप सहसा यादीत नसतं, ड्रायव्हरच्या ‘कस्टम रेझोल्यूशन’मध्ये जाऊन ६० हर्ट्झने बनवावं लागतं. इंटेलचे काही जुने ड्रायव्हर नकार देतात. दिला तर फार झटापट करू नका.

आता तुमचे गेम एकेक करून.

व्हाइस सिटी १९२० × १०८० निवडू देतो आणि तिथेच फसवतो. राडार आणि आकडे आडवे फाकतात, कारण ही माहिती-पट्टी ४:३ धरून बसवलेली आहे. मेन्यूतल्या ‘वाइडस्क्रीन’ पर्यायाने ती सरळ होत नाही. यासाठी थर्टीनएजी या नावाने फिक्स बनवणाऱ्याचा वाइडस्क्रीन फिक्स वापरा. त्यात एक डीएलएल फाइल आणि ‘स्क्रिप्ट्स’ नावाचा फोल्डर असतो. दोन्ही जिथे गेमची ईएक्सई (गेम सुरू करणारी फाइल) आहे त्याच फोल्डरमध्ये जायला हवेत. झिप उघडताना एक जादा फोल्डर तयार होतो आणि लोक तो अख्खाच आत टाकतात. मग काहीच होत नाही, आणि ‘फिक्स चालत नाही’ अशी ओरड होते. सोबत सायलेंटपॅच नावाची दुरुस्तीही घाला. मेन्यूतला फ्रेम लिमिटर मात्र चालूच ठेवा. हा गेम सेकंदाला ३० फ्रेमचा (चित्रांचा) हिशोब धरून लिहिलेला आहे, लिमिटर काढला की गाड्यांचं वागणं बिघडतं. पॅचनंतर गेम सुरूच होत नसेल किंवा माऊस मेला असेल तर डॉक्युमेंट्समधल्या ‘जीटीए व्हाइस सिटी यूजर फाइल्स’ फोल्डरमधली ‘सेट’ शेपटाची फाइल काढून टाका. त्यात फक्त सेटिंग असतात, सेव्ह केलेला खेळ जात नाही.

एक गोष्ट या फिक्सनेही सुटत नाही. ४:३ साठी बसवलेल्या प्रसंगात कॅमेऱ्याच्या कडेबाहेर काय चाललंय याची कोणी फिकीर केलेली नसते. पडदा रुंद झाला की विंगेत उभा राहून एन्ट्रीची वाट पाहणारा नट दिसावा तशी पात्रं कडेला ताटकळत उभी दिसतात, किंवा तिथे अचानक उगवतात. बिघाड समजून पुन्हा इन्स्टॉल करत बसू नका.

मोस्ट वाँटेड, म्हणजे २००५ चा नीड फॉर स्पीड, थर्टीनएजीचाच फिक्स घेतो. अट एकच : ‘स्पीड’ नावाची ईएक्सई १.३ आवृत्तीची हवी. फाइलची प्रॉपर्टी उघडून आकार बघा, ६०२९३१२ बाइट म्हणजे ५.७५ एमबी हवा. वेगळा असेल तर आधी गेम १.३ वर न्या. हातगाडीवरच्या सीडीतले गाणी-व्हिडिओ कापून बारीक केलेले गेम इथेच रडतात. त्यांची ईएक्सई कोणी काय केलेली असते देव जाणे, आणि फिक्स मूळ फाइलमधल्या ठरावीक जागा शोधत असतो. फिक्सच्या आयएनआय (सेटिंगच्या) फाइलमध्ये रुंदी-उंचीसमोर शून्य-शून्य असेल तर तो डेस्कटॉपचं माप आपोआप घेतो, छेडू नका. गोष्टीचे व्हिडिओ आधीच चित्रित केलेले आहेत, त्यांना जास्तीची रुंदी कुठून येणार?

तुमच्या इंटेलवर १९२० × १०८० ला मोस्ट वाँटेड अडखळला तर १२८० × ७२० घ्या. तेही १६:९ च आहे आणि पिक्सेल निम्म्याहून कमी, त्यामुळे चित्र थोडं मऊ होईल पण गाडी पळेल.

काउंटर-स्ट्राइक १.६ ला मात्र रुंद करू नका असंच मी सांगेन. त्याच्या जुन्या आवृत्त्यांचं इंजिन आडवा दृष्टिकोन, म्हणजे किती रुंद कोनातलं दिसतं ते (फील्ड ऑफ व्ह्यू, ‘फोव्ह’), ९० अंशांवर बांधून ठेवतं. पडदा रुंद केला की ते ९० अंश तेवढेच राहतात आणि वरखालचा भाग कापला जातो, म्हणजे राजवाड्याचे पावणेदोन मजले. हातातली बंदूक मोठी दिसते, पायाखालचा ग्रेनेड दिसत नाही. ४:३ आणि पट्ट्या, हेच त्याचं घर. काही पट्टीचे खेळाडू मुद्दाम ४:३ ताणून खेळतात, समोरचा माणूस रुंद दिसला की नेम धरायला बरं वाटतं म्हणून. ती आवड झाली. भाच्यांना तसं हवं असेल तर इंटेलमध्ये त्या रेझोल्यूशनपुरतं ‘स्केल फुल स्क्रीन’ ठेवून द्या.

ज्या गेममध्ये दृष्टिकोन बदलता येतो तिथे आकडा पाठ असावा. ४:३ वरचे ९० अंश म्हणजे १६:१० वर १००, १६:९ वर १०६ आणि २५६० × १०८० च्या अतिरुंद पडद्यावर १२१. सरळ त्रैराशिकाने १२० काढू नका, हा हिशोब कोनाच्या टॅन्जंटवर चालतो. १९९९ च्या क्वेक ३ चं उदाहरण घ्या. कन्सोलमध्ये (गेममधल्याच आज्ञा लिहायच्या पट्टीत) आर_मोड -१, मग आर_कस्टमविड्थ १९२० आणि आर_कस्टमहाइट १०८०, मग सीजी_फोव्ह १०६, आणि शेवटी व्हिड_रीस्टार्ट. टाइप अर्थात रोमन लिपीतच करायचं. फोव्ह ९० ठेवला तर काउंटर-स्ट्राइकसारखंच वरखाली कापलं जातं. १२१ च्या पुढे गेलात तर कडेच्या वस्तू ओढल्यासारख्या लांबट दिसतात आणि काहींना गरगरतं. हाफ-लाइफ २ पासून पुढे, म्हणजे २००४ नंतरच्या बऱ्याच गेममध्ये आस्पेक्ट रेशोचा पर्याय मेन्यूतच असतो, तिथे या खटपटीची गरज पडत नाही.

एज ऑफ एम्पायर्स २ वरून नकाशा बघण्याचा द्विमितीय गेम. रेझोल्यूशन वाढवलं की चित्र मोठं होत नाही, जास्त नकाशा दिसतो. त्यामुळे ताणण्याचा प्रश्न नाही, पण माणसं लहान होतात. १७ इंची डब्यावर १०२४ × ७६८ ला एका इंचात साधारण ८० पिक्सेल बसायचे, तुमच्या मॉनिटरवर १०२ बसतात. म्हणजे गावकरी आधीच्या पाऊण आकाराचा दिसणार. तरुण डोळ्यांना चालतं, चष्मेवाल्या मामांनी १२८० × ७२० घ्यावं. मूळ गेममध्ये ही रुंद मापं नाहीत. द काँकरर्स हा विस्तार असेल तर यूजरपॅच नावाची दुरुस्ती घाला, त्यात वाइडस्क्रीनचा पर्याय आहे. घरातल्या घरात दोन-तीन कॉम्प्युटर जोडून खेळणार असाल तर पॅचची आवृत्ती सगळीकडे एकच ठेवा. रेझोल्यूशन प्रत्येकाचं वेगळं असलं तरी अडत नाही. विंडोजच्या ‘लेगसी कंपोनंट्स’मधला डायरेक्टप्ले चालू करायला विसरू नका, तो बंद असला की गेम जोडणीच करत नाही.

पाणी जांभळं किंवा गवत भलत्याच रंगाचं दिसलं तर ती २५६ रंगांच्या पॅलेटची भानगड आहे. नव्या विंडोजमध्ये डेस्कटॉप आणि गेम त्या पॅलेटवरून भांडतात. सीएनसी-डीड्रॉ (cnc-ddraw) नावाचं छोटं साधन त्यावर चोख उत्तर आहे. त्याची डीएलएल आणि आयएनआय गेमच्या ईएक्सईशेजारी ठेवा, सोबतच्या कॉन्फिगमध्ये आस्पेक्ट रेशो राखण्याची खूण करा. पूर्ण पटीत मोठं करण्याची खूणही तिथेच आहे. तुमच्या इंटेलमध्ये नसलेली ती सोय इथून मिळते. डायरेक्टड्रॉवर (विंडोजच्या जुन्या चित्र काढण्याच्या सोयीवर) चालणाऱ्या त्या काळच्या पुष्कळ द्विमितीय गेमना हे लागू पडतं.

त्रिमितीय पण फार जुना, थ्रीडीएफएक्स कार्डांच्या काळातला गेम असेल तर डीजीव्हूडू २ हे साधन वापरा. त्याच्या ‘एमएस’ फोल्डरमधल्या एक्स८६ च्या डीएलएल घ्या, कारण जुने गेम ३२ बिटचेच असतात. विंडोज ६४ बिटचं आहे म्हणून एक्स६४ घेतल्या तर गेम त्यांच्याकडे ढुंकून बघत नाही. स्केलिंगमध्ये आस्पेक्ट राखणारा पर्याय निवडा, आणि डायरेक्टएक्सच्या पानावरची वॉटरमार्कची खूण काढा, नाहीतर कोपऱ्यात त्याचं नाव झळकत राहतं.

सेटिंग करूनही बदल दिसत नाही, ही तक्रार हमखास येते. गेम ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये असेल तर जुन्या गेमने तिथे लिहिलेली आयएनआय विंडोज गुपचूप अ‍ॅपडेटातल्या व्हर्च्युअलस्टोअर फोल्डरमध्ये वळवतं. तुम्ही एक फाइल बदलता, गेम दुसरीच वाचतो. जुने गेम सरळ डी ड्राइव्हवर ‘गेम्स’ नावाचा फोल्डर करून त्यात ठेवा. दुसरी तक्रार : चित्र पडद्याच्या एका कोपऱ्यातच येतं, किंवा माऊस दिसतो एकीकडे आणि क्लिक होतं दुसरीकडे. हे विंडोजमधलं १२५ किंवा १५० टक्के स्केलिंग. ईएक्सईची प्रॉपर्टी, कंपॅटिबिलिटी, ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’, खालच्या ओव्हरराइडला खूण आणि ‘अ‍ॅप्लिकेशन’.

एखाद्या गेमला कुठलाच फिक्स नसेल तर हेक्स एडिटरचा (फाइलमधले कच्चे बाइट दाखवणाऱ्या आणि बदलू देणाऱ्या प्रोग्रॅमचा) जुना तोडगा उरतो. ईएक्सईची एक प्रत बाजूला ठेवा. मग एबी एए एए ३एफ हे चार बाइट शोधा. संगणकाच्या भाषेत हे १.३३३३, म्हणजे ४:३. त्याजागी ३९ ८ई ई३ ३एफ लिहा, हे १.७७७८, म्हणजे १६:९. १६:१० साठी सीडी सीसी सीसी ३एफ. चार-पाच ठिकाणी सापडले तर सगळे एकदम बदलू नका, एकेक बदलून गेम चालवून बघा. यातला एखादा आकडा गाडीच्या चाकाचाही असू शकतो. मुळीच सापडला नाही तर फाइल संरक्षणासाठी गुंडाळलेली असू शकते, तो नाद सोडा. आणि ऑनलाइन खेळायच्या गेमवर हा प्रयोग करू नका, फसवणूक समजून बंदी येऊ शकते.

राहिला डेव्ह, आणि त्याच्यासोबत प्रिन्सही (प्रिन्स ऑफ पर्शिया). हे दोन्ही ३२० × २०० चे. भागाकार करून बघितला तर १.६ येतो, म्हणजे १६:१०, आणि माणूस म्हणतो की हा गेम तर मुळातच रुंद होता! तसं नव्हतं. डब्याच्या मॉनिटरवर ते २०० ओळींचं चित्र ४:३ ची पूर्ण उंची भरायचं, त्यामुळे प्रत्येक पिक्सेल उभट असायचा, रुंदीच्या १.२ पट उंच. आज चौकोनी पिक्सेलवर ते तसंच दाखवलं की प्रिन्स बसका आणि डेव्हची टोपी चपटी दिसते.

डॉसचे गेम विंडोजवर चालवणाऱ्या डॉसबॉक्सच्या ०.७४ आवृत्तीत ही दुरुस्ती बंद ठेवूनच देतात. त्याची कॉन्फ (सेटिंगची) फाइल उघडा. एसडीएलच्या भागात फुलरेझोल्यूशनसमोर डेस्कटॉप लिहा आणि आउटपुटसमोर सरफेस काढून ओपनजीएल लिहा. सरफेस राहिलं तर डेस्कटॉपभर मोठं होत नाही, लहानसं चित्र मधोमध अडकतं. रेंडरच्या भागात आस्पेक्टसमोर फॉल्स असतं, ते ट्रू करा. आता १४४० × १०८० चं चित्र आणि दोन्ही कडांना २४० पिक्सेलच्या पट्ट्या. ठिपके टोकदार हवेत म्हणून काही जण ओपनजीएलएनबी वापरतात. १०८० वर ते टाळा. ३२० चे १४४० म्हणजे साडेचार पट, २०० चे १०८० म्हणजे ५.४ पट, त्यामुळे काही रकाने चार ठिपक्यांचे आणि काही पाचाचे होतात. एकाच ओळीतली अक्षरं कुठे जाड कुठे बारीक दिसतात. १६०० × १२०० बसेल अशा पडद्यावर मात्र हे ५ आणि ६ पट होतं आणि सगळं जागच्या जागी बसतं.

हे सगळं हाताने लिहायचा कंटाळा असेल तर त्याचीच नवी आवृत्ती, डॉसबॉक्स स्टेजिंग, घ्या. त्यात आस्पेक्टची दुरुस्ती आधीपासून चालू असते. तरीही डेव्ह सरकताना पडदा किंचित अडखळल्यासारखा वाटला तर शोधत बसू नका. डॉसचा तो मोड ७० हर्ट्झचा होता आणि तुमचा मॉनिटर ६० चा, म्हणजे दर सेकंदाला दहा चित्रं गळणारच. मॉनिटर ७५ हर्ट्झ पेलत असेल तर विंडोजमध्ये तो आकडा निवडून बघा, गळती थांबते.